बाबांचे डोळे देवाच्या हवाली

पाळकसाहेबांनी भर उपासनेत आळशी मंडळींसाठी प्रार्थना केली, तो रविवार घरात कुणीच विसरणं शक्य नव्हतं.

झालं असं. दर रविवारी आजारी माणसांची यादी पाळकांच्या हातात येते आणि ते एकेकाचा उल्लेख करून प्रार्थना करतात. त्या दिवशी त्यांनी नवा चष्मा नाकावर चढवला. कागद आधी जवळ धरला, मग लांब धरला, मग खिडकीकडे वळवला, आणि गंभीर आवाजात म्हणाले, "आता आपल्या मंडळीतल्या आळशी बंधुभगिनींना प्रभूच्या चरणी आणू या."

पहिलेच निघाले कुलूपवाले काका. त्यांना आठ दिवस ताप होता. त्यांच्या बायकोने मोठ्यांदा "आमेन" म्हटलं, आणि ते चुकून निघालेलं नव्हतं यावर नंतर सगळ्यांचं एकमत झालं. तिसऱ्या होत्या शिवणवाल्या मावशी. त्या गुडघेदुखी विसरून बाकावरून ताडकन उठल्या. "आजच्या उपासनेतला हा एकमेव चमत्कार," धाकटा थोरलीच्या कानात कुजबुजला.

थोरलीला हसू आलं नाही. ती पाळकांच्या नाकाकडे बघत होती. तपकिरी फ्रेम, कडेला बारीक सोनेरी रेघ. चष्मा आपल्याच दुकानातला.

शेजारी बाबा हात जोडून, डोळे मिटून शांत बसले होते. हल्ली ते डोळे मिटूनच असायचे. उघडे असले काय आणि मिटले काय, त्यांना फारसा फरक पडत नसावा अशी थोरलीला शंका होती.

शंका कसली, खात्रीच होती. वर्षभरापूर्वी डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा तर पुरता पिकलाय. तेव्हापासून ऑपरेशनची तारीख तीनदा ठरली आणि तीनदा मोडली. दर वेळी बाबांचं उत्तर एकच. "मी माझे डोळे देवाच्या हवाली केलेत. देव बघून घेईल."

"बाबा, देवाला दिसतंय हो," थोरली म्हणायची. "अडचण तुमची आहे."

बावन्न वर्षं चष्मे विकलेल्या माणसाला आता दुकानाची पाटी दिसू नये, याहून मोठी थट्टा ती काय? पण बाबा दुकानात येतच. दुकान आठ वर्षांपासून थोरली चालवत होती, तरी दुपारी ती वर घरी जेवायला गेली की ते खाली येऊन गल्ल्यामागे बसत. "तेवढाच हातभार," म्हणत. थोरलीला बरं वाटायचं. म्हाताऱ्या माणसाचा वेळ जातो, दुकान उघडं राहतं. ते तिथे बसून नेमकं काय करतात, हे तिने कधी विचारलं नव्हतं. दृष्टीआड सृष्टी.

सोमवारी सकाळी पाळक स्वतः दुकानात आले. तरुण माणूस, या मंडळीत येऊन जेमतेम वर्ष झालेलं. चष्मा रुमालात गुंडाळलेला.

"ताई, तुमच्या वडिलांची तक्रार नाही हं," ते म्हणाले. "पण हा लावला की जिना मला दोन पायऱ्या आधीच संपल्यासारखा वाटतो."

थोरलीने चष्मा नंबर मोजायच्या यंत्रावर ठेवला. उजवी काच डाव्या बाजूला, डावी उजव्या बाजूला.

"हा तुम्हाला कुणी बसवून दिला?"

"बाबांनीच. दुपारी आलो होतो. फार आपुलकीने बसवून दिला. माझ्या कपाळावर हात ठेवून आशीर्वादही दिला." पाळक जरा घुटमळले. "म्हणजे, कान शोधत होते बहुतेक."

पाळक गेल्यावर तिने कामाची वही काढली. गेल्या दोन महिन्यांत बाबांच्या तिरक्या अक्षरात चार चष्म्यांची नोंद होती. पाळक. ऑर्गन वाजवणाऱ्या बाई. शिवणवाल्या मावशी. चौथी ओळ वाचून तिने दुकानाला कुलूप घातलं आणि ती रस्त्याला लागली. चौथा चष्मा शाळेची बस चालवणाऱ्या ड्रायव्हरकाकांचा होता.

थोरली काळजी करण्यात पटाईत होती. तिची प्रार्थना म्हणजे देवाला दिलेली कामांची यादी असायची, कोणतं काम कधीपर्यंत व्हायला हवं यासकट. त्या दिवशी मात्र डेपोपर्यंत धावताना तिला यादी सुचेना. "देवा, बस," एवढंच ती पुटपुटत होती. त्याचा अर्थ बस थांबव असा होता, की आता बास कर असा, हे तिलाही सांगता आलं नसतं.

बस डेपोत उभी होती. ड्रायव्हरकाका बादलीत फडकं पिळत पुढची काच पुसत होते. डोळ्यांवर जुनाच, दोऱ्याने बांधलेला चष्मा.

"काका! नवा चष्मा कुठाय?"

"तो? तो मी पहिल्याच दिवशी काढून ठेवला." काकांनी खाली वाकून सीटखालचा डबा उघडून दाखवला. "लावून घरी गेलो तर दारात दोन बायका उभ्या. मला एकीलाच उत्तरं देता देता नाकी नऊ येतात."

थोरली बसच्या पायरीवर बसली. "काका, मला सांगायचं ना! तो लावून बस चालवली असतीत तर?"

"कशी चालवेन? देवाने अक्कल दिलीय, ती काय फडक्यात बांधून ठेवायला? मी बस देवाच्या भरवशावरच काढतो, पोरी, रोज सकाळी चाकावर हात ठेवून प्रार्थना करतो. पण ब्रेक माझा मीच दाबतो." काकांनी फडकं झटकलं. "सांगितलं नाही, कारण तुझे बाबा. माझ्या लग्नातला चष्माही त्यांनीच दिला होता. कसं सांगणार त्यांना?"

कसं सांगणार, हाच प्रश्न होता. थोरलीने मंगळवारी संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर सगळ्यांना बोलावलं.

दुकानात खुर्च्या तीनच, त्यामुळे धाकटा काउंटरवर चढून बसला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि कुठेही बसला तरी पाय हलवत वरच्या छताकडे बघायचा. आई खिडकीशी लोकरीचं विणकाम घेऊन बसली. आणि आत्या. आत्या बाबांची थोरली बहीण, वय एक्याऐंशी, तीस वर्षं रुग्णालयात मोठी सिस्टर होती. थोरलीने तिला मुद्दाम बोलावलं होतं. ऑपरेशनची बाजू आत्यापेक्षा चांगली कोण मांडणार?

"मी तीस वर्षं ऑपरेशनच्या खोल्या आतून पाहिल्यात," आत्याने सुरुवात केली, "म्हणून अनुभवाने सांगते. नको."

"आत्या!"

"काय आत्या? त्याचा विश्वास आहे ना देवावर? मग राहू दे विश्वास. तुझ्यासारखं नाही, आभाळ भरून आलं नाही तोच छत्री शोधायची."

"आक्का बरोबर बोलते," बाबा म्हणाले. इस्त्रीचा शर्ट, पांढरी दाढी नीट कातरलेली. बटणं मात्र एक घर चुकून लावलेली. "आणि मला दिसतं. अगदीच दिसत नाही असं नाही."

"हो, दिसतं की," विणकामावरून मान न उचलता आई म्हणाली. "मागच्या आठवड्यात खुंटीवरच्या कोटाला दहा मिनिटं उपदेश करत होते. संयम ठेव म्हणाले. मी मागे उभी राहून ऐकलं. कोटाने फार संयम ठेवला."

धाकटा खो खो हसला. बाबांनी त्याच्या दिशेने, म्हणजे चष्म्यांच्या कपाटाच्या दिशेने, रागाने पाहिलं.

"तू काय हसतोस? तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी ताईच्या बाजूने," धाकटा म्हणाला. मग बाबांचा उतरलेला चेहरा पाहून त्याची जीभ अडखळली. "म्हणजे, तसा. पण बाबा दर महिन्याला तक्त्यावर स्वतःची नजर तपासतात, ताई. शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. मी ऐकलंय."

हा असाच. काउंटरवर चढताना एका बाजूला, उतरताना दुसऱ्या. लिफ्टच्या धंद्याचा परिणाम, असं आई म्हणायची.

"मग आत्ताच होऊ दे," बाबा उठून उभे राहिले. "दूध का दूध, पाणी का पाणी. आक्का, तू साक्षीदार."

थोरली याचीच वाट बघत होती. बाबा बावन्न वर्षं गिऱ्हाइकांना उभं करायचे त्या खुणेवर जाऊन उभे राहिले. उजव्या डोळ्यावर काळी पळी धरली, घसा साफ केला आणि समोरच्या भिंतीकडे बघत सुरुवात केली.

"ट. पुढची ओळ, ग, र. पुढची, न, प, म. पुढची, ल, द, ह, क." आवाज चढत गेला. ओळीमागून ओळ धडाधड, पाढे म्हणावेत तशी. शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळसुद्धा न अडखळता. मग पळी खाली घेऊन ते विजयी मुद्रेने वळले. "खाली छापखान्याचा पत्ता आहे. तोही वाचू?"

आईच्या सुया थांबल्या होत्या.

"बाबा," धाकटा हळूच म्हणाला, "तिथे बदक आहे."

"काय?"

"सगळ्यात वर बदक आहे. मोठं. खाली एक छत्री आणि एक घर. त्याच्या खाली मासा, चेंडू आणि... ताई, ते काय आहे?"

"किटली," थोरली म्हणाली. "दुपारी मी तक्ता बदलला, बाबा. लहान मुलांचा लावलाय. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांचा."

आत्याने तक्त्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. तिने शेवटचा प्रयत्न केला. "बदक थोडंसं 'ट'सारखंच दिसतं म्हणा."

"आत्या, बदकाला चोच आहे."

बाबा भिंतीपर्यंत चालत गेले. नाक टेकेल इतके जवळ गेले. बोटाने बदकाची मान चाचपली, मग पाठ. मग मागे येऊन गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसले. थोरलीला वाटलं होतं, ते भडकतील. ती भडकलेल्या बाबांसाठी उत्तरं तयार करून आली होती. गप्प बसलेल्या बाबांसाठी तिच्याकडे काहीच नव्हतं.

"पाळकांचं कळलं मला," ते म्हणाले. "रविवारीच कळलं. कान समजून त्यांचं कपाळ... जाऊ दे. आणखी कुणाला चुकीचे दिलेत मी?"

तिला खोटं बोलावंसं वाटलं. पण ती बाबांचीच मुलगी होती. "ऑर्गनवाल्या बाई. शिवणवाल्या मावशी. आणि ड्रायव्हरकाका."

"बसचा?"

"त्यांनी लावलाच नाही, बाबा. काही झालं नाही."

"बसमध्ये मुलं असतात," बाबा म्हणाले. त्यांनी खिशातला बारीक स्क्रूड्रायव्हर काढला, बावन्न वर्षं खिशात असलेला, आणि तो काउंटरवर ठेवायला गेले. तो काउंटरवर न पडता जमिनीवर पडला. कुणी उचलायला वाकलं नाही, कारण सगळेच एकदम वाकावं की नाही या विचारात पडले.

"सगळ्यांना सांगत होतो, देवाच्या हवाली केलं," ते म्हणाले. "देवाला मी काही सांगितलंच नव्हतं गं. एकदासुद्धा नाही. भीती वाटते म्हणायची लाज वाटायची, म्हणून देवाचं नाव पुढे करत होतो. डोळ्यात सुरी घालणार म्हणे. जागेपणी. कुणाला सांगू मी हे? या वयात?"

"मला सांगायचं होतंस," आत्या म्हणाली. ती खुर्चीतून उठली, बाबांजवळ गेली आणि चुकलेली बटणं एकेक करून सोडू लागली, पुन्हा लावायला. "मी तरी काय केलं? आपल्या भावंडांत तू एकटा उरलायस. तू त्या टेबलावर आडवा झालेला मला बघवणार नव्हता. म्हणून म्हटलं, नको. सुरी नसते हल्ली. डाग पडावा एवढीशी चीर असते."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. तूही देवावर ढकललंस, मीही ढकललं. बिचारा देव."

आईने विणकाम पिशवीत घातलं. "झालं? गुरुवारी सकाळी नऊची वेळ घेतलीय. मी घेतलीय. सोमवारीच."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. आईने कुणाच्याच बाजूने एक शब्द न बोलता लढाई संपवली होती.

"येईन," बाबा म्हणाले. "पण एका अटीवर. ही," त्यांनी थोरलीच्या दिशेने बोट दाखवलं, आणि या वेळी बोट बरोबर तिच्यावरच रोखलं गेलं, "तिथे एकही प्रश्न विचारणार नाही. माझं सोंग जसं विश्वासाचं, तसं हिचं काळजीचं. मी काहीच करत नाही आणि म्हणतो देव करेल. ही सगळं स्वतः करते आणि रात्रंदिवस देवाला सूचना देते. मी टेबलावर आडवा होणार, तू खुर्चीवर गप्प बस. दोघांनी मिळून खरोखर हवाली करू."

थोरलीच्या पर्समध्ये तेव्हा एकतीस प्रश्नांची यादी होती, नीट अक्षरात, तीन पानं. तिने ती काढून धाकट्याला दिली. हात सोडताना कागदाचा कोपरा थोडा फाटला.

गुरुवारी डॉक्टरबाई तपासून झाल्यावर म्हणाल्या, "घरच्यांना काही विचारायचंय?" चौघांनी थोरलीकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली.

"नक्की?" डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वीज गेली तर काय, आणि मला शिंक आली तर काय, असं फोनवर विचारणाऱ्या तुम्हीच ना?"

"मीच," थोरली म्हणाली. "पण आज नाही विचारत."

डॉक्टरबाईंनी सांगितलं, सकाळपासून ओळीने सहा ऑपरेशनं आहेत, बाबांचा नंबर शेवटचा, अकराला त्यांना दुसऱ्या रुग्णालयात जायचंय, उशीर झाला तर पुढच्या महिन्यात बघू. थोरलीला पुढचा महिना माहीत होता. आज टळलं तर बाबा या दारात पुन्हा पाय ठेवणार नाहीत.

बाबांना हिरवा अंगरखा घालून चाकांच्या खुर्चीवर बसवलं. पाळक प्रार्थनेसाठी आले होते, जुन्या चष्म्यात. एका मदतनीस बाईंनी खुर्ची लिफ्टमध्ये ढकलली, पाळक तिच्यामागे आत गेले, दार बंद झालं. लिफ्ट वर निघाली. खालच्या दिव्यावर एकचा आकडा लागला. दोनचा लागलाच नाही. मग 'खट्ट' असा आवाज आला आणि सगळं थांबलं.

एक मिनिट गेलं. वरून पाळकांचा आवाज आला. "आम्ही अडकलोय वाटतं!" त्यात नेहमीचा गंभीरपणा बिलकूल नव्हता.

एकतीस प्रश्नांत लिफ्ट नव्हती. थोरलीने विजेचा विचार केला होता, शिंकेचा, औषध चुकण्याचा, भूकंपाचा, डॉक्टरबाईंच्या घरी भांडण झालं असेल तर त्याचासुद्धा. लिफ्ट मात्र कुठेच नव्हती. तिला एकदम हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. ती जिन्याने धावत वर गेली.

धाकटा तिच्याआधीच दारापाशी पोचला होता. कान दाराला लावून, डोळे मिटून उभा. "मोटर ठीक आहे," तो म्हणाला. "खालच्या दाराची कडी पुरती बसली नाही. सोपं आहे. वरच्या मशिनच्या खोलीत जावं लागेल." रुग्णालयाचा देखभालीचा माणूस हातात किल्ल्या घेऊन धापा टाकत आला आणि कंपनीला फोन केलाय, दीड तासात येतील म्हणाला.

"आम्ही आलोच आहोत," धाकटा म्हणाला. त्याने खिशातून स्वतःचं ओळखपत्र काढलं आणि किल्ल्या जवळजवळ हिसकावूनच घेतल्या. दोघे वर पळाले. जाता जाता धाकटा ओरडला, "ताई, त्यांना दाराला हात लावू देऊ नकोस! बोलत राहा!"

थोरली जमिनीवर बसली. दोन दारांच्या मध्ये बोटभर फट होती. त्यातून खालच्या बाजूला लिफ्टच्या आतला उजेड आणि हिरव्या अंगरख्याची एक बाही दिसत होती.

"बाबा?"

"बोल."

"घाबरलात?"

हिरवी बाही जराशी हलली. मग, "हो."

"मीपण," थोरली म्हणाली. आयुष्यात हे तिने त्यांना पहिल्यांदाच सांगितलं. काळजी वाटते, हे लाख वेळा सांगितलं होतं. घाबरलेय, हे कधी नाही.

"पाळक तर फारच घाबरलेत," बाबा म्हणाले. "मी त्यांचा हात धरलाय. या बाई मात्र खंबीर आहेत. डबा खातायत."

"काय करू मी, बाबा?"

"काही करू नकोस. करण्यासारखं असलेलं तुझा भाऊ करतोय. तू माझ्याबरोबर प्रार्थना म्हण. यादी नको."

मग ते फटीच्या खालून आणि ती फटीच्या वरून बोलले. मोठं काही नव्हतं. बाबा म्हणाले, "देवा, हे डोळे तुझेच आहेत, मी उगाच माझे समजून लपवून ठेवले." थोरलीला वाटलं आपणही काही म्हणावं, पण "देवा" या शब्दापुढे तिला काहीच सुचेना, आणि गंमत म्हणजे काही कमी पडल्यासारखंही वाटलं नाही. आत्या आणि आई जिना चढून तोवर येऊन पोचल्या होत्या. आत्याने लगेच डोळे मिटून देवाला मोतीबिंदूच्या सगळ्या गुंतागुंती क्रमाने सांगायला सुरुवात केली, त्याला माहीत नसतील तर म्हणून. आईने तिच्या हातावर हात ठेवला. "अहो वन्सं, त्याने डोळा बनवलाय."

छताकडे कुठेतरी चाक फिरल्याची घरघर झाली. लिफ्ट वीतभर खाली गेली. आतून पाळकांनी एक किंकाळी फोडली. मग लिफ्ट इंचाइंचाने वर सरकत आली, दार उघडलं आणि बाबा खुर्चीवर ताठ बसलेले दिसले. पाळकांनी त्यांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"दहा वाजून पाच," डॉक्टरबाई दारातून म्हणाल्या. "चला, आजोबा."

धाकटा ग्रीसने माखलेले हात पुसत खाली आला. वरच्या खोलीत ब्रेक सोडून त्याने चाक हाताने फिरवलं होतं. आजवर घरात त्याची सगळ्यांत मोठी ओळख म्हणजे वाढदिवसाला उशिरा येणारा. आत्या त्याच्याकडे बघत राहिली. "वीस वर्षं मी म्हणतेय, या पोराने काहीतरी बरं काम शिकायला हवं होतं," ती म्हणाली. "मागे घेते."

पाऊण तासाने ऑपरेशन झालं. तेवढा वेळ थोरली रिकाम्या हातांनी बसली होती. हात कुठे ठेवायचे हे तिला कळेना, म्हणून तिने ते मांडीवर उताणे ठेवले.

शुक्रवारी दुपारी पट्टी सोडली. खोलीत सगळे ओळीने उभे. बाबांनी डावा डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. डोळ्यातून पाणी आलं ते औषधाचं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. बाबांनी तसंच राहू दिलं.

"तुझे केस पांढरे झालेत," ते थोरलीला म्हणाले.

"दोन वर्षं झाली."

"कुणी बोललं नाही मला." मग आईकडे वळले आणि इतका वेळ बघत राहिले की आईने शेवटी पदर सारखा केला आणि म्हणाली, "पुरे. कोटाकडेही असंच बघायचात."

"मी कशी दिसते रे?" आत्याने विचारलं.

बाबांनी बहिणीकडे नीट निरखून पाहिलं. "आक्का, एका डोळ्याच्या साक्षीवर निकाल देणं बरं नाही. दुसरा होऊ दे."

घर दोन चौक लांब. बाबांनी गाडी नको म्हटलं. डोळ्यावर काळा चष्मा चढवून ते थोरलीबरोबर पायीच निघाले, बाकीचे मागून. वाटेतली एकेक पाटी ते मोठ्यांदा वाचत होते, नुकतंच वाचायला शिकलेल्या मुलासारखे. "येथे गाड्या लावू नयेत. केस कापणे आणि दाढी. पंक्चर काढून मिळेल. फुकट सल्ला घेऊ नये, द्यावा." या शेवटच्या पाटीपाशी थांबून ते खूप हसले. एका किराणा दुकानाच्या पाटीवर 'वस्तू'चा ऊकार चुकला होता. दुकानदाराला बोलावून त्यांनी तो दाखवला. दुकानदार म्हणाला, पाटी अकरा वर्षं तशीच आहे. "मग अकरा वर्षं तुम्हाला कुणी खरं सांगितलं नाही," बाबा सहानुभूतीने म्हणाले.

मोठ्या रस्त्याशी ते दोघे थांबले. गेलं वर्षभर इथे थोरली त्यांचं कोपर धरायची, तीनदा उजवीकडे, तीनदा डावीकडे बघायची, आणि मग पुन्हा एकदा सुरुवातीपासून. आज बाबांनी तिचं कोपर धरलं. मान वळवून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, एक सायकल जाऊ दिली.

"चल. मोकळा आहे."

थोरलीने उजवीकडे पाहिलं नाही आणि डावीकडे पाहिलं नाही. समोर बघत पाऊल टाकलं.

रस्त्याच्या मध्यावर गेल्यावर मात्र तिने एकदा, चोरून, नजर फिरवली.

रस्ता खरंच मोकळा होता.